शाफ्टवरचे दोन बाण

चारोटीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीशी आमचं पहिलं बोलणं झालं ते असं. तो म्हणाला, "मालकाला फोन लावा, मग बघू." आमच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. तिथे माझी जाऊ उभी होती. तिच्या मागे आमची शेजारीण, आणि तिच्या मागे हायवे.

"फोनची गरज नाही, मी इथेच आहे," मी म्हटलं. "बोला."

तो ड्रायव्हरशीच बोलला.

पिकअप आम्हा तिघींची आहे. आरसी बुकात एकच नाव लागतं, तिथे माझं लावलं, कारण दहावीपर्यंत शिकलेली मी एकटी. आम्ही समुद्रकाठच्या धाकटी डहाणू गावच्या. घराच्या मागे दोऱ्यांवर बोंबील वाळत असतो, आणि आठवड्याच्या बाजाराला तो बोंबील, सुकट आणि बर्फातली ताजी मासळी घेऊन आम्ही तलासरीला जातो. तिथल्या पाड्यांवरच्या बायका आमच्याकडूनच घेतात. माझ्या सासूकडूनही त्यांच्या सासवा घ्यायच्या.

गाडी घेण्याआधी आम्ही एका टेम्पोवाल्याच्या भरवशावर होतो. तो त्याला वाटेल तेव्हा निघायचा, आणि आम्ही पोचायचो तेव्हा अर्धा बाजार उठलेला असायचा. एकदा त्याने माझ्या जावेला आशागडला पाट्यांसकट उतरवलं. म्हणाला, "दुसरं भाडं लागलंय, तुम्ही जीप बघा." ती दोन तास उन्हात बसून होती. मासळीच्या पाट्या बघून एकही जीपवाला थांबेना. बर्फ वितळून पाणी तिच्या पायांखालून गेलं. घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "गो, गाडी घ्यायची."

लॉकडाउन उठल्यानंतरची ही गोष्ट. शेजारीण विधवा, तिला कोणाला विचारायचं नव्हतं. माझा नवरा बोटीवर जातो, आठ-आठ दिवस समुद्रात असतो. तो परत आला तेव्हा जुनी पिकअप दारात उभी होती. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "एक बोट सांभाळायला दहा माणसं लागतात. तुम्ही तिघी गाडी सांभाळणार?"

मी म्हटलं, "दहा पुरुष लागतात. आम्ही तिघी पुरे."

ड्रायव्हर ठेवला तो तलासरीकडचा. तीन मुलांचा बाप, शांत माणूस, गाडी जपून चालवणारा. मिस्त्री लोकांसमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पुढे त्याच्या शेजारी दोघी बसायच्या आणि मागे हौद्यात क्रेटांबरोबर एक. नियमाने असं बसायचं नसतं, ते मलाही माहीत आहे. पाळी ठरवलेली होती, पण पुढे केबिनमध्ये मला मळमळतं, म्हणून बहुतेक वेळा मागे मीच. दोन वर्षं त्या पत्र्यावर बसले. कुठल्या वळणावर कुठला क्रेट सरकणार हे मला बघावं लागत नाही.

पहिला आवाज मीच ऐकला. गाडी उभी असायची, ड्रायव्हर गिअर टाकून क्लच सोडायचा, आणि माझ्या खाली 'टक्' व्हायचं. एकदाच. मग गाडी सुरळीत चालायची. थांबून पुन्हा सुटली की पुन्हा टक्. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, शाफ्टचे क्रॉस गेले असतील." इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली असतो, तो शाफ्ट. आमच्या गाडीला तो दोन तुकड्यांचा आहे. मध्ये एक बेरिंग त्याला उचलून धरतं, आणि जिथे जिथे तो वाकायला हवा तिथे क्रॉस. क्रॉस झिजले की टक् होतं.

म्हणून चारोटीला नेली. मिस्त्रीने ड्रायव्हरशी बोलून शाफ्ट खाली उतरवला. त्या वेळी आम्ही तिघी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. ते माझं चुकलं. मी तिथे उभं राहायला हवं होतं. पण त्याच्या त्या नजरेसमोर उभं राहायची तेव्हा लाज वाटली, हे आज कबूल करते.

नवे क्रॉस बसले, टक् गेलं. आशागडच्या रस्त्यावर कळलं नाही, तिथे खड्ड्यांमुळे वेगच नसतो. पुढच्या बाजाराला हायवेला लागलो, काटा पन्नासच्या वर गेला आणि माझ्या खालचा पत्रा थरथरायला लागला. बोटीच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला की बोट जसं अंग घुसळते, तसं. वेग कमी केला की गायब. पुन्हा पन्नास, पुन्हा तेच. सुकटीच्या पिशव्या आपोआप सरकत माझ्या पायांशी आल्या.

परत येताना गॅरेजवर थांबलो. मिस्त्रीने एकटाच गाडीत बसून चक्कर मारली. म्हणाला, "मला तर काही जाणवत नाही."

"पुढे नाही जाणवणार. मागे बसा."

"मावशी, मागे बसून कोण गाडी चेक करतं?"

टायरचा बॅलन्स केला. थरथर तशीच. मग मधलं बेरिंग बदललं. पंधरा दिवस जरा बरं वाटलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या नव्या बेरिंगचं रबर फाटलं. मिस्त्रीने दुसरं बेरिंग घातलं आणि म्हणाला, तुम्ही माल जास्त भरता. आम्ही दोन क्रेट कमी केले. मग म्हणाला, ड्रायव्हर क्लच झटक्याने सोडतो. ड्रायव्हरने खाली बघितलं. मीच म्हटलं, "तो ओला बोंबील उचलावा तसा अलगद क्लच सोडतो. दुसरं काहीतरी सांगा." तो हसला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. नवरा समुद्रावरून आला तोच म्हणाला, "विकून टाक. लोकं हसतात." ड्रायव्हर म्हणाला, तलासरीला त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, तिकडे नेऊ. मी नाही म्हटलं. बिघाड चारोटीला झाला होता, त्याच हातांनी झाला होता. तो त्याच हातांनी निस्तरायचा. जावेने मान हलवली. गाडीबद्दल तिला माझ्याहून कमी कळतं, पण आशागडचं ऊन ती विसरलेली नव्हती.

मग तो दिवस आला. बाजाराचाच दिवस, सकाळची वेळ. हौद्यात पापलेट, करंदी, मांदेली, पुढच्या बाजूला सुक्याच्या पिशव्या. चारोटीच्या अलीकडेच, वेग नसतानाही, थरथर इतकी वाढली की मी हौद्याच्या कडेला धरून उभी राहिले आणि केबिनच्या काचेवर थाप मारली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, खाली वाकून बघितलं. बेरिंगचं रबर पुन्हा फाटून लोंबत होतं. रांगत रांगत कसेबसे गॅरेजला पोचलो.

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. त्याने खाली वाकूनही बघितलं नाही. ड्रायव्हरला म्हणाला, "ही गाडी म्हातारी झाली. मालकांना सांग, काढून टाका. गिऱ्हाईक मी देतो."

"मालक इथे उभी आहे," मी म्हटलं. "शाफ्ट खाली घ्या. मला बघायचाय."

"आज हात रिकामे नाहीत. चार वाजता बघू."

बर्फातली मासळी आणि चार वाजता. मी काही बोलणार तेवढ्यात मागे लोखंडाचा आवाज झाला. जावेने हौद्याचा फाळका खाली पाडला होता. तिने गॅरेजच्या समोरच्या मोकळ्या जागेत निळं प्लास्टिक अंथरलं, एक क्रेट ओढून खाली घेतला, पापलेट ओळीने मांडले आणि पाटावर बसली. शेजारणीने तिच्या बाजूला सुकटीच्या पिशव्यांची तोंडं उघडली. दोघींनी एकमेकींना विचारलंही नाही.

"हे काय चाललंय?" मिस्त्री म्हणाला.

"बाजार," जाऊ म्हणाली. "गाडी पुढे जात नाही, तर बाजार इथेच."

"इथे नाही चालणार. माझी गिऱ्हाइकं येतात."

"आम्ही कोण मग? गाडी नीट करा, लगेच उठतो."

"वास किती येतोय."

शेजारीण फार कमी बोलते. तिने वर न बघता सांगितलं, "मासळीला वास येणारच. तुमच्या ग्रीसला काय मोगऱ्याचा येतो?"

चारोटीच्या नाक्यावर माणसांना तोटा नाही. जीपची वाट बघणाऱ्या दोन बायका आधी आल्या, मग मोटरसायकलवाले थांबले. समोरच्या हॉटेलचा आचारी येऊन करंदी घेऊन गेला. गॅरेजच्या तोंडाशी गर्दी झाली. एका ट्रकवाल्याला आत यायला जागा मिळेना, तो हॉर्न वाजवत राहिला. मिस्त्री एकदा तिकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होता.

मी तोवर पुठ्ठा शोधला. पदर खोचला, निऱ्या गुडघ्यांशी दाबून धरल्या आणि गाडीखाली सरकले.

"मावशी, बाहेर या, काहीतरी लागेल," मिस्त्री म्हणाला.

मी ड्रायव्हरला हाक मारून चिंधी आणि थोडं डिझेल मागितलं. ते त्याने मिस्त्रीकडे न बघता आणून दिलं.

मी काय शोधत होते ते सांगायला हवं. माझा बाप बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोट खाडीत कोरड्यावर घेतली की इंजिनाचं आणि पंख्याचं सगळं काम तो स्वतः करायचा. मला त्याने काही शिकवलं नाही. भावाला शिकवलं. मी दुपारी भाकरी घेऊन जायचे आणि तो हात धुऊन येईपर्यंत उभी राहायचे. पण उभं राहिलं तरी दिसतं. कुठलाही सांधा उघडण्याआधी तो दोन्ही भागांवर छिन्नीने एक आडवी खूण मारायचा. एकदा घाईत भावाने खूण न मारताच सांधा सोडवला, तर बापाने त्याला दिवसभर तिथेच बसवून ठेवला होता. "जसं होतं तसंच परत बसलं पाहिजे," तो म्हणत होता. "एका दात्याने चुकलास तरी खोल पाण्यात कळतं, आणि तिथे तुझा बाप नसतो." भावाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भाकरीचं फडकं हातात धरून ऐकत होते.

आमच्या शाफ्टच्या मागच्या तुकड्यात एक सांधा असा आहे की त्यात दाते असलेली एक बाजू दुसरीत सरकते. चाकं खालीवर झाली की शाफ्टला लांब-आखूड व्हावं लागतं, त्यासाठी. तो सांधा ओढला की वेगळा होतो, आणि परत घालताना कुठल्याही दात्यावर बसतो. दर खड्ड्याला माझ्या खाली काहीतरी सरकतं, ते मला इतके दिवस नुसतं जाणवत होतं. आता डोळ्यांसमोर होतं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे दोन-दोन कान असतात, आणि ते एका रेषेत असावे लागतात. पुढचे कान सरळ वर-खाली होते. मागचे किंचित तिरपे. मान थोडी कलवून कोणी बघावं, तेवढेच.

मी डिझेलची चिंधी घेऊन सांध्यावरचं ग्रीस आणि माती पुसायला लागले. खूप थर होता. नखं काळी झाली, एक थेंब डोळ्यात गेला. एका बाजूला कोरलेला छोटा बाण दिसला. मग दुसऱ्या बाजूला पुसलं. तिथेही बाण होता, पण समोर नव्हता. बोटाच्या पेराएवढा बाजूला.

मला राग आला होता, आणि तो फक्त मिस्त्रीवर नव्हता. तीन महिने हे माझ्या खाली फिरत होतं आणि मी टायर, माल, ड्रायव्हर, रस्ता सगळं ऐकून घेतलं होतं.

"इकडे या," मी खालूनच म्हटलं. "खाली या आणि बघा."

मिस्त्री आला. गर्दीतले दोघे-तिघेही वाकले. मी बाणावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या बाणावर.

"हा इथे, आणि हा इथे. क्रॉस बदलताना तुम्ही सांधा ओढला आणि चुकीच्या दात्यावर घातला."

"ते कंपनीचे असतात," तो म्हणाला. "त्याचं काही नसतं."

"काही नसतं तर कंपनी ते कशाला कोरते?"

"दोन दात्यांनी काय फरक पडतोय, मावशी?"

"तीन महिने मी त्याच्यावर बसलेय. मला विचारता?"

तो उठला आणि सवयीने ड्रायव्हरकडे वळला. "तू सांग रे, ह्यांना समजाव जरा." ड्रायव्हरने टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "मावशी बरोबर बोलतात. आधी गाडी थरथरत नव्हती. तुम्ही खोलल्यावर थरथरायला लागली." एवढं लांब बोलताना मी त्याला तिथे पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. जाऊ कोणाला तरी सांगत होती की पापलेट आजचेच आहेत, डोळे बघा त्यांचे. मिस्त्रीने पाना घेतला.

शाफ्ट खाली आला. सांधा ओढल्यावर त्याने दोन्ही भाग हातात घेऊन बघितले, आणि मी पण घेतले. आतले दाते झिजलेले होते. एक भाग दुसऱ्यात घालून मी पिळला तर खळखळ हलला.

"हे हलतंय," मी म्हटलं.

"जुनी गाडी आहे, एवढं चालतं. बाण जुळवून देतो."

"नाही चालत. हा सांधा नवा घाला. बेरिंगही. आणि बेरिंग तुम्ही द्यायचं, ते तुमच्या चुकीने फाटलंय."

शेवटच्या वाक्यावर बरंच बोलणं झालं. ते इथे लिहीत नाही. त्यात दोन्हीकडून शोभणार नाहीत असे शब्द गेले. मी एवढंच सांगत राहिले की ठीक आहे, पुढच्या आठवड्यातही बाजार इथेच मांडू, जागा चांगली आहे. शेजारणीची सुकट तोवर संपलीच होती, ती पिशवी झटकत म्हणाली, "तलासरीपेक्षा बरी." त्याने बेरिंग मान्य केलं.

सांधा वापीहून यायचा होता. गाडी तिथेच ठेवली, रिकामे क्रेट हौद्यात रचले आणि आम्ही जीपने घरी आलो. आता पाट्या नव्हत्या, त्यामुळे जीपवाला थांबला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी डबा घेऊन गेले आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले. हॉटेलात गेले नाही. त्याने एकदा म्हटलं, "तुम्ही बसल्यावर माझा हात चालत नाही." मी म्हटलं, "सावकाश चालवा." नव्या सांध्यावरचा बाण त्याने मला दाखवला, तो जुन्या तुकड्यावरच्या बाणासमोर आणला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मी जवळ जाऊन बघितलं, मग मान हलवली. तरीसुद्धा छिन्नी मागितली आणि दोन्ही भागांवर एक आडवी खूण मी माझ्या हाताने मारली. हातोडी पहिल्यांदा घसरली आणि अंगठ्यावर बसली. तो हसला नाही, हे सांगितलं पाहिजे.

गाडी जोडून होईपर्यंत ड्रायव्हरही आला होता. मिस्त्री चावी घेऊन पुढे बसायला निघाला. मी म्हटलं, "ड्रायव्हर चालवेल. तुम्ही माझ्याबरोबर मागे या."

त्याने चावी ड्रायव्हरकडे टाकली. मग चढला. आम्ही दोघं हौद्यात, मी माझ्या जागेवर, तो एका उलट्या क्रेटवर. हायवेला लागलो. पन्नास झाले. साठ झाले. वाऱ्याने माझा पदर उडत होता आणि तो दोन्ही हातांनी क्रेट धरून बसला होता. माझ्या खालचा पत्रा गप्प होता. नुसता टायरचा आवाज. मी तळवा पत्र्यावर टेकवला, मग त्यालाही म्हटलं, "हात ठेवा." त्याने ठेवला.

"आता बरी आहे," तो म्हणाला.

"आधी कशी होती ते पण सांगा."

त्यावर त्याने केबिनच्या काचेवर थाप मारून ड्रायव्हरला गाडी वळवायची खूण केली.

पुढच्या बाजाराला आम्ही सकाळी लवकर तलासरीला पोचलो. एक आठवडा आलो नाही म्हणून आमच्या जागेवर भांडीवाल्याने दुकान मांडलं होतं. जावेने त्याला उठवलं. नवरा समुद्रावरून आला तेव्हा त्याने विचारलं, "केवढ्याला गेली?" त्याला वाटलं विकली. मी दारातल्या गाडीकडे बोट दाखवलं आणि भाकऱ्या थापत राहिले.

गाडी आम्ही अजूनही त्याच मिस्त्रीकडे नेतो. हात चांगला आहे त्याचा, ते खरं. पण परवा एका पिकअपवाल्याला तो सांगत होता की ह्या बायांच्या गाडीला कंपनीचा पार्टच खराब लागला होता, मी शोधून काढला. मी तिथेच स्टुलावर बसले होते. म्हटलं, "पार्ट नाही, बाण चुकले होते. आणि चुकवले कोणी ते पण सांगा त्यांना." पिकअपवाला माझ्याकडे बघायला लागला. मिस्त्री म्हणाला, "मावशी, तुम्ही अजून तेच धरून बसलात."

"हो," मी म्हटलं.